वच्छीआत्याची हत्तीण

"शाळेचं नाव काय सांगायचं?" वच्छीआत्यानं विचारलं.

"विचारणार नाहीत गं."

"विचारलं तर?"

"तासगावची कन्याशाळा सांग."

"मुख्याध्यापिका कोण होती तिथं?"

"आत्या, आपण हत्तीण बघायला आलोय. नोकरी मागायला नाही."

तरी तिनं गाडीतल्या गाडीत अंबाडा सोडून पुन्हा घट्ट बांधला, पदराला पिन लावली आणि चेहऱ्यावर थोडी शिस्त आणली. मी फाटकासमोर गाडी उभी करेपर्यंत माझ्या शेजारी पी.टी.च्या निवृत्त बाई बसल्या होत्या.

आमच्या घरात ही थाप नवी नव्हती. लग्नकार्यात वच्छीआत्याची ओळख करून देताना "या आमच्या आत्या, पी.टी.च्या टीचर होत्या" असंच म्हणायचं, हे माझ्या जन्माआधी ठरलेलं होतं. मुलीकडची माणसं आत्याच्या खांद्यांकडे बघायची आणि त्यांना ते लगेच पटायचं. फरक इतकाच, की आजवर ही थाप आम्ही तिच्याबद्दल मारत होतो आणि ती गप्प बसत होती. त्या दिवशी पहिल्यांदाच ती स्वतः मारणार होती, आणि मला वाटतं, जरा घाबरली होती. खरं सांगायचा तिला सराव होता.

खरं असं होतं, की आमचे आजोबा तासगावात शिंपी होते. एका वर्षी गावात ग्रेट भैरव सर्कस आली. वाऱ्यानं तिचा तंबू फाटला आणि तो शिवायला आजोबांना बोलावलं. काम मोठं होतं. रोज दुपारी वच्छीआत्या त्यांचा डबा घेऊन जायची. एक दिवस डबा परत आला, आत्या आली नाही.

पुढची वीसेक वर्षं ती सर्कशीत होती. वत्सला माळवदे हे नाव जाहिरातीवर शोभत नाही, म्हणून मॅनेजरनं तिचं 'मिस व्हायोलेट' केलं. शेवंती नावाच्या हत्तिणीबरोबर तिचा खेळ असायचा. रिंगणात आत्या उताणी झोपायची, छातीवर फळी ठेवली जायची. आत्या म्हणायची, "उचल!" शेवंती पुढचा उजवा पाय उचलायची आणि फळीच्या वर अधांतरी धरायची. बँड थांबायचा. मग आत्या म्हणायची, "ठेव!" आणि शेवंती तो पाय फळीवर टेकवायची. वजन टाकायची नाही, नुसता टेकवायची.

"हे प्रेक्षकांना माहीत नसतं," आत्या आम्हाला सांगायची. "तुम्हाला घरचे म्हणून सांगते."

तिची सगळ्यात आवडती गोष्ट गदगची. शेवंतीनं पाय उचललेला असताना तंबूतली वीज गेली. त्या गडबडीत आत्याच्या छातीवरची फळी घसरली. "शब्द गेला असता तर मी गेले असते," आत्या म्हणायची. "लोक शिट्ट्या मारतायत, पोरं रडतायत, आणि हा एवढा पाय माझ्या नाकावर. मी हूं का चूं केलं नाही. दिवे येईपर्यंत तिनं पाय खाली ठेवला नाही. माझ्या शब्दाशिवाय ती पाय ठेवतच नव्हती!"

लहानपणी आम्ही ही गोष्ट तोंड उघडं ठेवून ऐकत असू. मोठेपणी तोंडं मिटली. पुरावा काही नव्हता. तिनं पाठवलेले सर्कशीतले सगळे फोटो आजोबांनी एका थंडीत बंबात घातले होते. गुडघा गेल्यावर आत्या घरी परत आली ती एका ट्रंकेसकट, आणि ट्रंकेत निघाली ती रजई. सर्कस पुढे बुडाली. माहूत, मॅनेजर, बँडवाले कुठं कुठं गेले, कुणी वर गेले. राहिली फक्त आत्या आणि तिचं सांगणं.

आणि या सांगण्यावर सगळ्यात कमी विश्वास होता तो आमच्या मुकुंददादाचा. मुकुंददादा माझा थोरला चुलतभाऊ. बँकेत मॅनेजर होता, त्यामुळे तारणाशिवाय तो कशावरच विश्वास ठेवत नसे. माझ्या मेव्हण्याच्या लग्नात पंगतीत त्यानं सगळ्यांसमोर विषय काढला.

"आत्या, हत्तीचं वजन किती असतं कल्पना आहे का तुम्हाला?"

"मला विचारतोस?" आत्या म्हणाली.

पंगत हसली. पण दादा हसला नाही. तो म्हणाला, "अहो, सर्कशीत तिकिटं फाडायला असाल, नाही तर स्वयंपाकाला. त्यात कमीपणा काय? उगाच हत्ती कशाला मध्ये आणायचा?"

आत्यानं जिलबीचं ताट बाजूला सारलं. तिला मधुमेह होता, पण त्या दिवशी कारण ते नव्हतं.

त्यानंतर काही महिन्यांनी पेपरात एक फोटो आला. कर्नाटकात डोंगराच्या कुशीत हत्तींसाठी एक निवारा केंद्र निघालं होतं. सर्कशीतून, लाकडाच्या वखारीतून, रस्त्यावर भीक मागण्यातून सोडवलेले हत्ती तिथं कळप करून राहत होते. फोटोत एक हत्तीण शेंगांच्या वेलात उभी होती. तिच्या डाव्या कानाचा कुणीतरी पोळीसारखा घास घेतलेला होता.

आत्यानं पेपर डोळ्यांना लावला, मग लांब धरला. मग ताट वाढून घेतलेलं तसंच टाकून उठली.

"शिऱ्या, ही शेवंती."

"कशावरून?"

"कानावरून. मेरठला तारेत अडकला होता. डॉक्टर टाके घालताना मी तिची सोंड धरून बसले होते. शिऱ्या, माणसं सगळी गेली. मी खरी होते हे सांगणारी आता ही एकटीच उरली."

त्या वर्षी तिच्या वाढदिवसाला काय द्यायचं हा प्रश्न माझ्यापुरता सुटला. ते केंद्र हत्तींना पालक शोधत होतं. वर्षाची वर्गणी भरली की एका हत्तीच्या चाऱ्या-औषधाचा वाटा तुमचा. बदल्यात एक प्रमाणपत्र, एक रंगीत फोटो, महिन्याला एक पत्र आणि वर्षातून एकदा लांबून दर्शन. मी आत्याच्या नावानं शेवंतीचं पालकत्व घेतलं. शेवंतीला आणखीही पालक होते. पुण्याचं एक दंतवैद्यक महाविद्यालय होतं, जर्मनीतलं एक जोडपं होतं. आत्यानं यातल्या कुणाचीच दखल घेतली नाही.

फोटो देव्हाऱ्याशेजारी लागला. पण प्रमाणपत्र वाचल्यावर ती भडकली, कारण केंद्रानं शेवंतीचं नाव बदलून 'मैत्री' ठेवलं होतं.

"मैत्री? हत्तीण आहे का पतसंस्था?"

"जुन्या आठवणी पुसायला नवं नाव देतात म्हणे."

"कुणाच्या आठवणी? तिला विचारलं का?"

महिन्याची पत्रं इंग्रजीत यायची. मी ती मराठीत वाचून दाखवायचो. एकदा होतं, की मैत्रीला कलिंगड फार आवडतं. आत्यानं देव्हाऱ्याशेजारच्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाली, "आम्ही सालं द्यायचो." आणि आत निघून गेली. मी पुढची पत्रं वाचताना खाण्याचा भाग गाळू लागलो.

मग भेटीचं पत्र आलं. त्यात नियम होते. भडक कपडे नकोत, अत्तर नको, मोठ्यानं बोलायचं नाही, खायला घालायचं नाही. शेवटचा नियम असा, की ज्यांनी पूर्वी हत्तींकडून काम करून घेतलं आहे, अशा कुणालाही कळपाजवळ नेता येणार नाही.

तो नियम मी दोनदा वाचला, एकदा मनात आणि एकदा मोठ्यानं.

"मग?" आत्या म्हणाली. "सांगा की, पी.टी.ची बाई होते म्हणून. इतकी वर्षं सांगताय ना जगाला?"

बेत तिनं ठरवला होता. कळप दिसला, की फक्त एक हाक मारायची. "शेवंती, उचल!" शेवंती पाय उचलणार. मी शूटिंग करणार. मग "ठेव!" आणि काम संपलं. मुकुंददादाच्या घरच्या टीव्हीवर ते सगळ्या माळवद्यांना दाखवायचं. कॅमेरासुद्धा दादानं स्वतःचाच दिला होता. "माझाच ने," तो म्हणाला, "नंतर फिल्म जोडली वगैरे भानगड नको." त्याची बँक सुटली होती, पण स्वभाव सुटला नव्हता.

असं सगळं डोक्यात आणि कॅमेरा गळ्यात घेऊन आम्ही फाटकातून आत गेलो.

आम्हाला न्यायला गीतांजली हुक्केरी नावाची मुलगी आली. डोक्याला टोपी, पायात चिखलाचे बूट. मूळची बेळगावची. मराठी बोलणारं कुणी आलं म्हणून ती इतकी खूश झाली, की आमचं ओळखपत्र बघायचंसुद्धा विसरली.

"या की ओ सर! आजी, दमला असशीला. वाट लईच खराब आहे न्हवं?"

"मला सवय आहे," आत्या म्हणाली आणि लगेच पुढे म्हणाली, "मी पी.टी.ची बाई होते. तासगावच्या कन्याशाळेत."

कुणी विचारलं नव्हतं.

"व्हय? मग तब्येत उगाच नाही अशी राहिली," गीतांजली म्हणाली. "पिशवीत काय आहे आजी?"

"गूळ."

"गूळ इथं बंद बरं का."

"कुणाला? मला का तिला?"

"दोघींनाबी," गीतांजली म्हणाली आणि तिनं पिशवी फाटकावरच्या खोलीत ठेवून घेतली.

झाडांतून एक पायवाट होती. ती एका लाकडी माचावर संपत होती. माचापुढे एक चर खणलेला, त्यापलीकडे मोकळं गवताळ रान आणि मध्ये एक तळं. हवा थंड होती. कुठं वाऱ्याचा आवाज, कुठं पाखरांचा. एरवी आत्याचा आवाज कुठंही गेलं तरी तिच्या आधी पोचायचा. बिनमाईकच्या तंबूत शेवटच्या बाकड्यापर्यंत जाणारा आवाज तो. घरात ती "मीठ दे" म्हणाली तरी शेजारचे दचकायचे. पण त्या दिवशी ती कुजबुजत होती. मी तिला कुजबुजताना पहिल्यांदाच ऐकत होतो.

"कुठं आहे?"

"तळ्याकडनं येतील आता," गीतांजली हळूच म्हणाली. "पुढं मैत्री असती, मागनं अम्मा. अम्माला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. वखारीत ओंडके ओढून ओढून झिजली बघा ती. आली तेव्हा एका जागेवरनं हलायची नाही. मग मैत्रीनं काय केलं कुणाला ठाऊक, आता मैत्रीचं शेपूट सोंडेत धरून सगळं रान फिरती. मैत्री नसली तर पाणीबी पीत नाही."

"मैत्री पहिल्यापासून अशी?" मी विचारलं. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. हा प्रश्न तिचा होता.

"कुठलं ओ सर! सर्कशीतली आहे न्हवं ती. आली तेव्हा कुणी नुसतं समोर उभं राहून बोललं तरी पाय उचलायची. हा असा, पुढचा उजवा. आणि धरून ठेवायची. खाली टाक म्हणून सांगायला आम्हाला काय येतंय? आमचा वैद्य रडायचा. गुडघ्यांत वात, मागचा पाय थरथरतोय, तरी खाली टाकायची नाही. कोण काय बोलल्यावर टाकती, कुणाला माहीत? दमून कोसळायची तेव्हाच पाय खाली यायचा."

मी आत्याकडे पाहिलं नाही. कॅमेऱ्याचं बटण शोधत राहिलो.

"मग?" आत्यानं विचारलं.

"मग काय, आम्ही तिच्यासमोर बोलायचंच बंद केलं. कुणीच तिला काही सांगायचं नाही. ये नाही, जा नाही. लई वर्षं गेली बघा त्यात. आता कुणी बोललं तरी ती वळूनसुद्धा बघत नाही. नवीन लोकांना वाईट वाटतंय, एवढ्या लांबनं आलो नि बघतबी नाही म्हणून. आम्ही पेढे वाटले होते, ती पहिल्यांदा बघायची बंद झाली तेव्हा."

तेवढ्यात झाडं हलली आणि त्या दोघी आल्या.

पुढे होती ती फोटोतल्यापेक्षा मोठी होती, आणि म्हातारी. कपाळावर खड्डे पडले होते. डावा कान पोळीसारखा तोडलेला. तिच्या मागे शेपूट धरून अम्मा. दोघी संथपणे चराच्या पलीकडे येऊन थांबल्या. मैत्रीनं गवताचा एक पेंढा उपटला, गुडघ्यावर आपटून माती झाडली आणि खाल्ला. मग दुसरा उपटला, आपटला आणि मागे अम्माच्या तोंडाशी नेला.

आत्या माचाचा कठडा धरून उभी होती. तिचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता.

मी कॅमेरा सुरू केला. गीतांजली बाजूला उभी राहून वहीत काहीतरी टिपत होती. हीच वेळ होती.

"आत्या," मी कुजबुजलो, "मार हाक."

तिनं कठडा आणखी घट्ट धरला.

"आत्या, मग जातील त्या."

"जाऊ देत."

"अगं, एवढ्या लांबनं आलो. एकच हाक. मुकुंददादा काय म्हणेल?"

"राहू दे."

"एकदा म्हण फक्त. मी घेतोय इकडे..."

"शिऱ्या, राहू दे म्हटलं ना!"

हे ती कुजबुजली नाही. हे तंबूतल्या शेवटच्या बाकड्यापर्यंत गेलं.

रानात सगळं थांबलं. मैत्रीच्या तोंडात गवत होतं, ते तसंच राहिलं. तिचे दोन्ही कान पुढे आले. आणि मग, आम्ही सगळे बघत असताना, तिनं पुढचा उजवा पाय उचलला.

गुडघ्यात वाकवून, अलगद, माणसाच्या छातीच्या उंचीवर. तसाच धरून ठेवला.

"अगं बाई," गीतांजली म्हणाली. मग तिनं आमच्याकडे हात केला. "बोलू नका. कुणी बोलू नका."

बोलणार कोण? पाय तसाच होता. त्याच्याखाली गवत होतं, बाकी काही नव्हतं. किती वेळ गेला माहीत नाही. मागचा डावा पाय थरथरायला लागला. आधी थोडा, मग मांडीपर्यंत. तिच्या पाठीवरची कातडी हलत होती.

मी आत्याच्या कानाशी गेलो. "सांग ना तिला," मी म्हणालो. "सांग ना, ठेव म्हणून."

आत्यानं मान हलवली. तिनं पदराचं टोक तोंडात घातलं होतं आणि दातांनी घट्ट आवळून धरलं होतं. डोळे पायावर. मला वाटलं, ती हट्टानं गप्प आहे. मला तिचा राग आला. एक शब्द तर बोलायचा होता. हा शब्द जगात एकाच माणसाला माहीत होता आणि ते माणूस पदर चावत उभं होतं.

"आत्या, पडेल ती!"

तिनं डावा हात मागे नेऊन माझं मनगट पकडलं. त्या हातात अजून सर्कस होती.

मागे अम्माला काही कळेना. शेपूट तिच्या सोंडेतून सुटलं होतं. ती सोंड हवेत इकडे तिकडे फिरवत पुढे आली. तिला आधी मैत्रीची पाठ सापडली, मग पोट, मग तो थरथरणारा मागचा पाय. ती तिथं थांबली. सोंड खाली-वर झाली. मग ती आणखी पुढे सरकली आणि मैत्रीला अंगानं टेकून उभी राहिली. पोटातून एक आवाज काढला तिनं. आम्हाला तो ऐकू येण्याआधी माचाच्या फळ्यांतून पायांना कळला.

मैत्रीचा एक कान मागे गेला. मग दुसरा.

पाय खाली आला. एकदम नाही. अर्ध्यावर थांबला, पुन्हा वर गेला, पुन्हा आला. खाली जमीन आहे ना, असं बघत बघत तिनं तो गवतावर ठेवला. थोडा वेळ तशीच उभी राहिली, जणू कुणी ओरडतंय का याची वाट बघत. कुणी ओरडलं नाही. मग तोंडातलं गवत चावायला लागली. अम्मानं शेपूट शोधून पुन्हा धरलं, आणि दोघी तळ्याकडे निघून गेल्या. मैत्रीनं एकदाही वळून पाहिलं नाही.

आत्यानं तोंडातून पदर काढला. माझं मनगट सोडलं.

"चल," ती कुजबुजली. "भूक लागली."

आम्ही फाटकाशी परत आलो. गीतांजलीनं खोलीतून गुळाची पिशवी आणून आत्याच्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही.

"आजी, शाळेत काय शिकवायचा म्हणाला तुम्ही?"

"कवायत."

"आवाज चांगला राहिलाय तुमचा."

"हो," आत्या म्हणाली. "आता गप्प राहायचा सराव करते."

गीतांजलीनं पिशवी सोडली. ती रागावली होती असं मला वाटत होतं. पण मग तिनं वाकून आत्याच्या पायांना हात लावला. "पुढच्या वर्षी येणार न्हवं?"

"नाही गं पोरी. लांब पडतं."

डोंगर उतरून खाली आलो तेव्हा एका हॉटेलात थांबलो. आत्यानं इडली मागवली, आणि चटणी तिखट नाही म्हणून पोऱ्याला झापलं, तेही हळू आवाजात. मग चमच्यानं इडलीचे दोन तुकडे केले आणि म्हणाली, "ती माझी नव्हे."

"काय?"

"चुकीची हत्तीण आहे. शेवंती नव्हे ती."

"आत्या, कान..."

"कान कुणाचाही फाटतो."

"अगं, पाय उचलला तिनं! तुझ्या आवाजानं!"

"सर्कशीतल्या सगळ्याच उचलतात." तिनं सांबार ओतून घेतलं. "शेवंती असती, तर मी सांगितल्याशिवाय तिनं पाय खाली ठेवला नसता."

मी तिच्याकडे बघत राहिलो. ती इडली खात होती. बऱ्याच दिवसांनी तिला भूक लागलेली दिसत होती.

"तू लवकर बोलली असतीस तर तिला त्रास कमी झाला असता," मी म्हणालो.

"मी बोलले असते," आत्या म्हणाली, "तर पुढच्या वेळी पण ती माझ्या बोलण्याची वाट बघत उभी राहिली असती. आणि मी काय, आज आहे उद्या नाही. इडली गार होतीय तुझी."

घरी मुकुंददादानं टीव्हीला वायर जोडूनच ठेवली होती. वहिनीनं श्रीखंड केलं होतं, दोन्ही निकालांना चालेल असं. माळवद्यांच्या तीन पिढ्या सतरंजीवर बसल्या. शूटिंग लागलं. त्यात आधी थोडं आकाश होतं, मग गवत, मग बराच वेळ माझी उजवी चप्पल. मागून आवाज आला, "शिऱ्या, राहू दे म्हटलं ना!" मग पुन्हा चप्पल. गीतांजलीचं "बोलू नका." मग अगदी शेवटपर्यंत चप्पल.

"हे कसलं शूटिंग?" मुकुंददादा म्हणाला. "हत्ती कुठाय?"

"होता," मी म्हणालो.

"ओळखलं का मग तुम्हाला, आत्या?"

खोलीत सगळे तिच्याकडे बघत होते. मीही. तिनं श्रीखंडाचं बोट चाटलं, वहिनीकडे बघून वेलदोडा बरा पडलाय असं मानेनं सांगितलं, आणि म्हणाली, "छे! दुसरीच निघाली. माझीच चूक. म्हातारपणी सगळे हत्ती सारखेच दिसतात रे मुकुंदा."

दादाला असा विजय अपेक्षित नव्हता. तो लढाईच्या तयारीनं बसला होता. मग त्यानं उठून स्वतःच्या हातानं आत्याला आणखी श्रीखंड वाढलं. "असू दे हो आत्या, होतं असं. स्वयंपाकीण असलात तरी आम्हाला अभिमानच आहे." वहिनी मागे कुणाला तरी म्हणाली, "मी म्हणत नव्हते?" पोरं हसली. आत्याही हसली. तिचं श्रीखंड संपेपर्यंत मी माझ्या वाटीत बघत होतो, आणि तोंड उघडायच्या बेतात होतो. तिनं माझ्याकडे बघितलं. गदगला तिनं असंच बघितलं असणार. मी वाटीतच बघत राहिलो.

नंतर आत्या 'ती गोष्ट' सांगेनाशी झाली. लग्नकार्यांत कुणी विचारलं तर आपण होऊनच म्हणायची, "पी.टी.ची बाई होते." मुकुंददादाला ते इतकं आवडलं, की तो तिच्या शेजारी बसू लागला.

वर्ष संपत आलं तेव्हा केंद्रातून फोन आला. गीतांजलीच होती. पालकत्वाची मुदत संपतेय म्हणाली. आवाज जपून वापरत होती.

"सर, आजींना विचारा की. त्यांची हत्तीण न्हवं म्हणून तुम्ही पत्रात लिहिलं होतं. दुसरी एखादी पाहिजे काय? एक छोटं पिल्लू आलंय, लई गोड आहे. सगळ्यांना तेच पाहिजे झालंय."

आत्या पाटावर बसून गवार मोडत होती. मी फोनवर हात ठेवून तिला सगळं सांगितलं. तिनं हातातली शेंग मोडली, दोरा काढला, आणि परातीत टाकली.

"नको," ती म्हणाली. "तीच असू दे. शांत वाटली."